नानाजींचं उरलेलं तोंड

पॅलेट वेळच्या वेळी खरडलं नाही, तर रंगावर रंग चढत जातो अन् मग सुरी घेऊन बसावं लागतं. आमच्या शाळेतल्या किश्श्यांचं तेच झालंय. साचलेत नुसते! आज खरडूनच टाकते एकदाचे. शाळेचं नाव विचारू नका. केशोरीच्या अलीकडे की पलीकडे, तेही विचारू नका. मी तिथली चित्रकलेची बाई. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर मानधन, नाही घेतला तर रामराम!

तर एक दिवस संस्थेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव. स्वतः आयुष्यात काही स्थापन केलं नाही, पण खुर्चीत बसायची कला उपजत! म्हणाले, "मॅडम, बाबांचं ऑइल पेंटिंग पाहिजे. हॉलमध्ये लावायला. फ्लेक्स नको, फ्लेक्स तं आजकाल कोणाचाही निघते. स्नेहसंमेलनात आईच्या हातून अनावरण करू. अन् त्याच स्टेजवरून तुमच्या परमनंटची घोषणा करतो. चित्र पसंत पडलं तं."

शेवटचं वाक्य ते दाराकडे पाहत बोलले. मला नीट ऐकू आलं.

परमनंट! या शब्दासाठी मी त्या शाळेत किती वर्षं खडूची धूळ खाल्ली, ते सांगत नाही. डोकं उठतं माझं. दर जूनमध्ये अर्ज अन् दर जूनमध्ये "पाहू". मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तुम्हीही म्हटलं असतं, उगाच शहाणपणा सांगू नका.

मग फोटो मागितला. संस्थापकांना सगळे नानाजी म्हणायचे. धानाचे शेतकरी. स्वतःच्या कोठारातली पोती बाहेर काढून तिथे पहिली शाळा भरवली, असा माणूस. अन् अशा माणसाचा घरात फोटो एकच! तोही शंकरपटातला, म्हणजे बैलांच्या शर्यतीतला. नानाजी आपल्या बैलजोडीला धरून उभे, अन् अर्धं तोंड बैलाच्या शिंगाआड. दिसत होतं ते एवढंच: एक डोळा, एक बसलेला गाल, अर्धी बारीक मिशी अन् उन्हात रापून काळा झालेला रंग. पण तो एक डोळा असा काही रोखून पाहत होता, की मला वाटलं, जमेल!

"साहेब, तोंड अर्धंच आहे," मी म्हटलं.

"मग काय झालं? उरलेलं आम्ही सांगतो ना!"

*

मी पोर्ट्रेटला पाचच रंग वापरते. पांढरा, काळा अन् तीन मातीचे: पिवळी माती, भाजलेली लाल माती अन् गडद तपकिरी. ट्यूबवर त्यांची इंग्रजी नावं असतात, पण शेवटी माती ती माती. आपल्याकडच्या माणसाचा चेहरा एवढ्यात पूर्ण होतो. जास्त रंग घेतले की चेहऱ्याची जत्रा होते.

हे मी हेडसरांना समजावून सांगितलं. माझीच चूक! त्यांनी ट्यूबा मोजल्या, पुन्हा मोजल्या अन् म्हणाले, "मॅडम, पाचवीच्या पोराच्या डब्यात बारा रंग असते. तुम्ही संस्थापक पाचात गुंडाळून राहिल्या?"

"सर, पाच पुरतात."

"अन् हे तं सारे शेणामातीचे रंग आहेत!"

"सर, नानाजी शेतकरी होते."

"होते. पण आता संस्थापक आहेत ना!"

मी ट्यूबा उचलल्या.

*

ऑइल रंगाला जवसाचं तेल लागतं. माझी बाटली चित्रकलेच्या खोलीत टेबलावर असायची. आमचे लंजे सर सांस्कृतिक प्रमुख. म्हणजे वर्षातून एकदा माइक हातात अन् बाकी वर्षभर पोह्याची बशी. ते बशी घेऊन माझ्या खोलीत आले, बाटलीचं झाकण काढलं, वास घेतला अन् "वा, घाण्याचं जवसाचं तेल!" म्हणत पोह्यांवर धार सोडली.

मी ओरडेपर्यंत अर्धी बशी संपली होती.

"सर, ते चित्राचं तेल आहे!"

"काहीच्या काही! चित्राला कशाला इतकं चांगलं तेल?" म्हणाले अन् उरलेली अर्धी बशीही संपवली. नशीब, टर्पेंटाइन मी कपाटात ठेवते. नाहीतर पुण्यतिथ्या दोन झाल्या असत्या.

*

आधी गडद तपकिरी रंगात सगळा चेहरा पातळ उठवून घेते मी. उजेड कुठे, सावली कुठे, एवढंच ठरतं त्यात. शिंगाआडचा भाग मी कोरा ठेवला होता. तिथे घाई नको, असा माझा विचार.

दुसऱ्या दिवशी खोली उघडते, तर नानाजींच्या गळ्यात झेंडूचा हार, समोर उदबत्त्या अन् कपाळावर हळदीकुंकवाचा हा एवढा टिळा! हे काम लंजे सरांचं. आमच्याकडे रंगवलेलं तोंड दिसलं, की माणूस गेलेलाच असतो अन् त्याची पूजा करायचीच असते. रंग सुकेपर्यंत थांबायचं असतं, हे कोणाला सुचावं?

आता कपाळ ओलं. कुंकू त्यात जे बसलं ते बसलंच. उदबत्तीची राख डोळ्यात. हाराच्या पाकळ्या गळ्याला चिकटलेल्या. मी सुरी घेऊन नानाजींचं कपाळ खरडायला बसले, तर दारातून हेडसर, "अहो मॅडम, राहू द्या ना! टिळा मस्त दिसून राहिला. फिनिशिंग आलं!"

सगळ्या शाळेला जो एकच रंग आवडला, तो मी खरडून काढला म्हणून दोन दिवस स्टाफरूममध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही. फार शांततेत गेले ते दिवस.

*

चेहऱ्यात रंग भरला अन् अध्यक्ष पाहायला आले. मागे हात बांधून दुरून पाहिलं, जवळून पाहिलं. मग म्हणाले, "थोडे उजळ करा."

केले. दोन दिवसांनी पुन्हा आले. "आणखी थोडे."

पुन्हा केले. मातीच्या रंगात पांढरा मिसळायचीही एक हद्द असते. त्यापुढे चेहरा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो. तसं मी बोलून दाखवलं. म्हटलं, "साहेब, फोटोत नानाजी चांगले काळेसावळे आहेत."

"ते उन्हामुळं, मॅडम! धानाच्या रोवणीच्या टायमाले चिखलात उभं राहून राहून तसे दिसायचे. आतून बाबा गोरेच होते."

"आतून मी पाहिले नाहीत, साहेब."

हेडसर मागे उभे होते. ते इतके जोरात खोकले, की मला कळलं, विषय परमनंटवर चालला आहे. मी पांढऱ्याची ट्यूब पिळली. जो रंग मी आठवडाभर घोटून घोटून आणला होता, तो माझ्याच ब्रशनं माझ्याच डोळ्यांदेखत झाकला.

*

मग निघाला कोट.

फोटोत नानाजींच्या अंगात बंडी अन् खांद्यावर पंचा. कोट त्या माणसानं लग्नातही घातला नसेल. पण अध्यक्षांना सूट पाहिजे. अन् तोही निळा! "निळ्या सुटात माणूस शिकलेला दिसते," असं त्यांचं मत. त्यांच्या स्वतःच्या अंगावर त्या दिवशी निळाच सूट होता. मी मत तिथेच तपासून पाहिलं.

"साहेब, माझ्या रंगांत निळा नाही."

"मग मागवा ना नागपूरहून! संस्थापकासाठी एक निळा रंग भेटून नाही राहिला काय?"

मी काही मागवलं नाही. काळ्यात पांढरा मिसळला अन् त्याच्या शेजारी भाजलेली लाल माती ठेवली. असा राखाडी रंग लालसर तपकिरीच्या शेजारी बसला, की डोळ्यांना निळा दिसतो. दिसतो म्हणजे दिसतोच! जुनी युक्ती आहे, पोर्ट्रेट करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक असते.

अध्यक्ष आले. खुश! "पाहा, मागवला ना शेवटी! इम्पोर्टेड दिसते."

"हो साहेब."

हेडसर म्हणाले, "तरीच! आपल्याकडच्या निळ्याले ही चमक नसते." अन् लंजे सर दुसऱ्या दिवशी रांगोळीसाठी ती ट्यूब मागायला आले. संपली म्हटलं, तर चेहरा पाडून गेले. बायकांच्या हातात सामान टिकत नाही, असं बाहेर कोणालातरी सांगत होते.

*

आता उरलेलं तोंड. मी म्हटलं, घरातलं कोणी समोर बसवा. रक्ताचं माणूस असलं की हाडांचा अंदाज येतो. माझी आपली अपेक्षा अशी, की एखादी आत्या वगैरे बसवतील.

अध्यक्ष स्वतःच येऊन बसले!

बसले म्हणजे काय, खुर्चीत भरले. फोन सुरू. "हाव हाव, शाळेतच आहो. बाबासाठी बसून राहिलो." मान इकडे, मान तिकडे. मी म्हणायचे, "साहेब, हलू नका," की ते फोनवर म्हणायचे, "थांब, मॅडम हलू देऊन नाही राहिल्या," अन् खुर्चीसकट हलायचे.

मध्ये मध्ये उठून चित्र पाहणार अन् सूचना करणार. "गाल भरा. बसके गाल संस्थापकाले शोभत नाहीत. माझे घ्या." घेतले. "मिशी दमदार पाहिजे. अर्धी मिशी काय कामाची?" केली दमदार. "नाक माझंच घ्या, सरळ आहे." घेतलं नाक. बसलेला गाल गेला, बारीक मिशी गेली. तो रोखून पाहणारा डोळासुद्धा गेला, कारण अध्यक्षांच्या मते बाबा रागावल्यासारखे दिसत होते.

एकदा रंग सुकला का ते पाहायला त्यांनी नानाजींच्या गालावर अंगठा टेकवला. सुकला नव्हता. तोच अंगठा स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला पुसला. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, क्वालिटी कमी पडून राहिली."

मी त्या दिवशी घरी जाऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, "सोडून दे ना काम." सोडून दे म्हणे! त्याला काय जातंय बोलायला? गावातल्या बाया अजून मला विचारतात, "मॅडम, तुमचं पक्कं झालं काय?" अन् मी दर वेळी "होऊन राहिलं" म्हणते. या वेळी मला "झालं" म्हणायचं होतं.

*

मी एकदा धीर करून अध्यक्षांना म्हटलं, "साहेब, आजींना आणू या का एकदा? नानाजींच्या पत्नी आहेत. चेहरा त्यांच्याइतका कोणाला माहीत असणार?"

अध्यक्ष हसले. हेडसर हसले. लंजे सर त्या दोघांपेक्षा जास्त हसले.

"आईले काय समजते त्यातलं!" अध्यक्ष म्हणाले. "ती तं अंगठा लावते अजून. तिनं फक्त दोरी ओढायची आहे."

*

आता शेवटचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी चित्र हॉलमध्ये टांगलं. मखमली पडदा, बाजूला सोनेरी दोरी, सगळं थाटात. लंजे सर पडद्याच्या चुण्या नीट करायला स्टुलावर चढले. पूर्ण झालेलं चित्र त्यांनी पहिल्यांदाच समोरून पाहिलं, अन् तिथेच थबकले.

"मॅडम," म्हणाले, "हे कोनाचं काढलं तुमी?"

"म्हणजे? नानाजींचं!"

सर खाली उतरले. दार लावून घेतलं. मग सांगितलं ते असं. नानाजींना एक मोठे भाऊ होते. शाळेत त्यांचं नाव काढायला बंदी! कोठारातल्या शाळेला कुलूप ठोकलं ते यांनीच. जागेवरून नानाजींना कोर्टात खेचलं ते यांनीच. पुढे गोंदियाला राहायला गेले, अन् दोन्ही घरांचं तोंड पाहणं बंद झालं. लंजे सरांचे वडील या मोठ्या भावाकडे सालदार गडी, म्हणून सरांनी त्यांना लहानपणी रोज पाहिलेलं. गोरेपान. भरलेले गाल. दांडगी मिशी. कोटाशिवाय घराबाहेर पाऊल नाही.

"अध्यक्ष काकावर गेले आहेत, बापावर नाही," सर म्हणाले. "त्यायले कोन सांगन? कोनी सांगतच नाही."

मी स्टुलावर बसले.

"सर, आता काय करू?"

"काही करू नका. मोठ्यायले पाहिलेलं आता गावात कोन उरलं? अध्यक्षानं काकाले धड पाहिलंबी नाही कधी. उद्या परमनंट घ्या, गप बसा."

अन् मी गप्प बसले. रात्रभर तो शिंगाआडून पाहणारा डोळा आठवत होता, तरी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च. पाहुणे, पालक, पोरं. लंजे सर माइकवर. मला स्टेजवर बोलावून शेवटच्या खुर्चीत बसवलं, शाल-नारळ तयार. अध्यक्ष अर्धा तास बोलले. बाबांचे कष्ट, बाबांचा त्याग. बाबांच्या त्यागावर बोलताना त्यांना दोनदा फोन आला. शेवटी म्हणाले, "आता माझी आई अनावरण करेल. अन् त्यानंतर आपल्या कलाशिक्षिका मॅडमबद्दल एक आनंदाची घोषणा करायची आहे."

मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले.

आजी उठल्या. वाळलेल्या, काठीएवढ्या. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, नवा चष्मा. हेडसरांनी दोरी हातात दिली. त्यांनी ओढली. पडदा सरकला. टाळ्या!

आजींनी मान वर करून पाहिलं.

अन् डोक्यावरचा पदर सर्रकन हनुवटीपर्यंत खाली ओढला. चित्राकडे पाठ केली अन् भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

मग लंजे सरांनी माइक सावरला. चेहरा घामानं डबडबलेला, पण तोंड सुरू! "पाहा मंडळी, या वयातही लाज! हेच आपले संस्कार!" पुन्हा टाळ्या. अध्यक्ष हसत माइक घेऊन आईजवळ गेले. "आई, अवं लाजतं कायले? बाबा होत ना!"

पदराआडून आवाज आला. बारीक, पण माइक तोंडाजवळच होता.

"तुया बापासमोर मी कधी पदर ओढला काय रे? हे तं भासरे होत. यायले कोनं आनलं शाळेत?"

भासरे म्हणजे मोठे दीर. आमच्याकडच्या जुन्या बाया त्यांना जन्मभर तोंड दाखवत नाहीत, त्यांच्या समोरून जात नाहीत. हॉलमधल्या प्रत्येक म्हातारीला ते कळलं. हळूहळू अध्यक्षांनाही कळलं असावं, कारण त्यांनी चित्राकडे पाहिलं, अन् त्यांचा हात आपसूक स्वतःच्या गालावर गेला.

आजी चाचपडत दोन पावलं माझ्याकडे सरकल्या. माझा हात धरला.

"तूनं काढलं काय वं पोरी?"

"हो आजी."

"हुबेहूब काढलं वं! एकदम भासरेच." मग हळूच म्हणाल्या, "आता झाक त्यायले. मले पायऱ्याइकडं जायचं आहे. त्यायच्या समोरून कशी जाऊ?"

पायऱ्या चित्राच्या पलीकडे होत्या. आजी थांबल्या, पदराआड. अध्यक्षांनी माइकवर हात ठेवला अन् दातांवर दात धरून म्हणाले, "मॅडम, पडद्याले हात लावू नका. तुमची घोषणा बाकी आहे."

मी उठले अन् पडदा लागेपर्यंत दोरी ओढली.